दिवसाची वीज, दिवेलागणीची वीज : घरगुती वेळाधारित दरावरील एक संवाद

घरात वापरल्या जाणाऱ्या विजेचे मोल ठरवण्याची भारतातील रूढ पद्धत एकाच प्रश्नावर उभी आहे, तो म्हणजे महिनाभरात एकूण किती युनिट वीज वापरली गेली. ती पहाटे वापरली, भर दुपारी वापरली की दिवेलागणीला, याची नोंद साध्या मीटरमध्ये होत नाही आणि म्हणून बिलातही ती उमटत नाही. वेळेनुसार बदलणारा दर, ज्याला महाराष्ट्रात सर्रास ‘टीओडी’ म्हटले जाते, त्या पहिल्या प्रश्नाच्या जोडीला दुसरा प्रश्न आणून बसवतो : ती युनिटे दिवसाच्या कोणत्या तासांत वापरली गेली. उद्योगांना हा दुसरा प्रश्न जुना आहे. घरांच्या दाराशी तो आला तो केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांत केलेल्या दुरुस्तीमुळे. त्या दुरुस्तीनुसार 10 किलोवॉटहून अधिक मागणी असलेल्या औद्योगिक व व्यापारी ग्राहकांना 1 एप्रिल 2024 पासून, तर शेती वगळून उरलेल्या सर्व ग्राहकांना 1 एप्रिल 2025 पासून असा दर लागू करावयाचा होता, मात्र स्मार्ट मीटर बसल्यानंतरच. राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेले दिवसाचे आठ तास हे ‘सौर तास’ मानून त्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्क्यांनी कमी असावा आणि मागणी शिखराला पोचते त्या तासांत घरगुती ग्राहकाला तो नेहमीच्या किमान 1.10 पट असावा, अशी ती चौकट आहे. महाराष्ट्रात महावितरणने 1 जुलै 2025 पासून जी घरगुती सवलत जाहीर केली, तिच्यात या चौकटीचा पहिला अर्धाच उतरला : स्मार्ट मीटर असलेल्या घराला सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत, जी पुढील वर्षांत 1 रुपयापर्यंत वाढावयाची आहे, संध्याकाळच्या वापरावर वेगळा अधिभार मात्र नाही.

हा दर घरांना लावणे योग्य आहे काय, या प्रश्नावर दोन दृष्टी संभवतात, आणि त्या पुढे दोन व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. एक वीज पारेषणात आयुष्य घालवलेले निवृत्त अभियंते आहेत; दुसऱ्या ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या बाई आहेत, ज्यांच्याकडे लोक बिले घेऊन येतात. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, आणि जेथे त्यांचे युक्तिवाद अपुरे पडतात तेथे मध्ये थांबून तसे नोंदवले आहे.

अभियंता : ताई, दराची चर्चा मीटरपासून सुरू होते, पण ती वीज केंद्रापासून सुरू व्हायला हवी. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजूनही महाग असल्यामुळे ज्या क्षणी जितकी मागणी, त्या क्षणी तितकेच उत्पादन, हे गणित चोवीस तास जुळवावे लागते. कोणत्या केंद्रातून किती वीज घ्यायची हे ठरवणारे राज्य भार प्रेषण केंद्र आधी स्वस्त वीज घेते, मग त्याहून महाग, मग त्याहून महाग. या उतरंडीलाच ‘मेरिट ऑर्डर’ म्हणतात. दुपारी सूर्य माथ्यावर असताना सौर वीज भरपूर असते आणि तिला इंधनाचा खर्च नसतो. सूर्य कलला की ती दोन-तीन तासांत नाहीशी होते, नेमक्या त्याच सुमारास घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही आणि उन्हाळ्यात एसी सुरू होतात, आणि ही पोकळी भरण्यासाठी कोळशाची केंद्रे वर चढवावी लागतात, वीज बाजारातून चढ्या भावाने खरेदी करावी लागते आणि कोयनेचे पाणी सोडावे लागते. कोयनेची क्षमता सुमारे 1,960 मेगावॉट असली, तरी तिचे पाणी पश्चिमेकडे वळवण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. म्हणून ते पाणी संध्याकाळसाठी जपून ठेवले जाते. दुपारच्या युनिटाचा आणि रात्री आठच्या युनिटाचा खर्च एक नाही, तर दर एक ठेवणे म्हणजे दुपारी वीज वापरणाऱ्याने संध्याकाळी वापरणाऱ्याचा भार उचलणे होय.

कार्यकर्ती : साहेब, खर्च वेगळा असतो याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या खर्चाची जाणीव करून देण्यासाठी दर हेच साधन का निवडावे, याबद्दल. ज्याला वेळ बदलता येते त्यालाच दरातील फरकाचा उपयोग होतो. ज्याला ती बदलता येत नाही, त्याच्या दृष्टीने तो फरक म्हणजे नशिबाने मिळालेली सूट किंवा नशिबाने बसलेला दंड ठरतो. सकाळी आठला घराबाहेर पडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या नवरा-बायकोच्या घरात दुपारी काय चालू असते? फ्रिज, आणि फार तर म्हाताऱ्या सासूच्या डोक्यावरचा पंखा.

अभियंता : वेळ बदलण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नसते हे मान्य. पण सर्वांनी बदलावे अशी अपेक्षाच नाही. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरला जितक्या एसटी गाड्या लागतात तितक्या वर्षभर ताफ्यात ठेवायच्या म्हटल्या, तर तिकीट सर्वांचेच वाढेल. विजेच्या बाबतीत नेमके तेच घडते, कारण वर्षातल्या मोजक्या तासांसाठी उभारलेल्या क्षमतेचा स्थिर खर्च शेवटी प्रत्येक बिलात शिरतो. देशाची मागणी 30 मे 2024 रोजी 250 गिगावॉटपर्यंत, म्हणजे 2,50,000 मेगावॉटपर्यंत गेली होती. मागणीचे शिखर थोडेसे खाली आणण्यासाठी दहातल्या एका घराने हातभार लावला, तरी पुरे होते.

अभियंत्यांच्या या मांडणीला अर्थशास्त्रात जुना आधार आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय वीज कंपनीत काम करणाऱ्या मार्सेल ब्वातो यांनी 1949 मध्ये असे दाखवून दिले, की क्षमता उभारण्याचा खर्च ज्या तासांतील मागणीमुळे करावा लागतो, तो त्याच तासांतील वापराकडून वसूल करणे हे समाजाच्या एकूण हिताचे असते. पुढे 1965 पासून फ्रान्समधील घरांना रात्रीचे स्वस्त तास मिळू लागले. परंतु फ्रान्सच्या या यशाचे कारण शोधू गेले असता ते घरमालकांच्या काटकसरीत फारसे सापडत नाही, तर पाणी तापवणाऱ्या टाकीत सापडते : वीज कंपनी तारांवरूनच एक संकेत पाठवते, तो मिळताच घरातील टाकीचा हीटर आपोआप चालू होतो आणि स्वस्त तास संपले की बंद होतो. घरातल्या कोणाला रात्री उठावे लागत नाही, कोणाला घड्याळ पाहावे लागत नाही. हा तपशील या संवादात पुढे निर्णायक ठरणार आहे.

कार्यकर्ती : दहातले एक घर कोणते असेल, ते आता हिशेबानेच पाहू. एका घराचा महिन्याचा वापर 90 युनिट धरावा, त्यातील सौर तासांत पडणारा 25 युनिट. सवलत झाली 20 रुपये. महाराष्ट्रात घरगुती बिलावर 16 टक्के वीज शुल्क बसते, तेही तेवढ्या रकमेवर वाचले असे धरल्यास 23 रुपये. दुसरे घर तीन खोल्यांचे, दोन एसी असलेले, एक जण घरूनच नोकरी करणारा. वापर 400 युनिट, त्यातील 150 दिवसा. त्या घराला 120 रुपये, शुल्कासह 139. दोघांनीही काहीच बदललेले नाही, पण रुपयांत पाहिले तर मोठ्या घराला सहापट लाभ झाला.

अभियंता : रुपयांत पाहणे हा अर्धाच हिशेब झाला, ताई. आपल्याकडे दर टप्प्यांचा आहे : पहिली 100 युनिटे सर्वांत स्वस्त, 101 ते 300 पर्यंतची त्याहून बरीच महाग, 301 ते 500 आणखी महाग, आणि 500 च्या वर सर्वाधिक. मोठ्या घराचे बिल लहान घराच्या बिलाच्या सहापटीहूनही जास्त असते. सवलत टक्क्यांत मोजली तर दोन्ही घरांना ती तीन टक्क्यांच्या आसपासच पडते. शिवाय सवलत टक्क्यांत न देता पैशांत दिल्यामुळे खालच्या टप्प्याला ती प्रमाणाने जास्त मिळते. 80 पैसे हा चार रुपयांचा पाचवा भाग आहे, आठ रुपयांचा मात्र दहावा.

कार्यकर्ती : मग केंद्राच्या नियमातील किमान 20 टक्के सवलत चार रुपयांच्या वरच्या कोणत्याच टप्प्यात पुरी होत नाही, हेही त्याच हिशेबातून निघते.

अभियंता : निघते. आणि त्याच नियमातला संध्याकाळचा अधिभारही लावलेला नाही, हेही त्याच्या जोडीला मांडायला हवे. दोन्ही बाजूंनी आयोगाने हात आखडता घेतला आहे.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट करून ठेवणे आवश्यक आहे, कारण दरांची तुलना करताना सामान्य ग्राहकाची सर्वाधिक गफलत येथेच होते. टप्प्यांचा दर आणि वेळेचा दर ही दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत. पहिले तत्त्व सांगते की कमी वापरा, दुसरे सांगते की वापर हलवा, आणि महाराष्ट्राच्या घरगुती बिलात दुसरे तत्त्व पहिल्याच्या शेजारी आणून बसवलेले आहे, पहिल्याच्या जागी नव्हे. 100 युनिटांच्या वरच्या टप्प्यात सर्व आकार धरता एका युनिटाला दहा रुपयांहून अधिक मोजावे लागतात. म्हणजे त्या टप्प्यातले एक युनिट रात्रीतून दुपारी हलवले तर 80 पैसे सुटतात आणि तेच युनिट मुळातच वापरले नाही तर दहा रुपये सुटतात. ज्या घराचा वापर 110-120 युनिटांच्या घरात घोटाळतो, त्या घराने वेळापत्रक बदलण्याच्या खटाटोपात शिरण्यापूर्वी ती वरची दहा-वीस युनिटे कशी टळतील हे पाहणे बिलाच्या दृष्टीने कितीतरी अधिक फलदायी आहे.

एक साधा छताचा पंखा यासाठी जवळून पाहण्यासारखा आहे. जुना पंखा पूर्ण वेगात सुमारे 75 वॉट घेतो. त्याच वाऱ्यासाठी ‘बीएलडीसी’ मोटरचा पंखा, ज्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते, 30 वॉटच्या आसपास घेतो. संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंतच्या तेरा तासांत फरक पडतो तो सुमारे 0.58 युनिटाचा, म्हणजे उन्हाळ्याच्या एका महिन्यात साडेसतरा युनिटांचा, आणि तो सगळाच्या सगळा संध्याकाळ व रात्रीच्या वापरातून कमी होतो, ज्या वापराचा खर्च वीज कंपनीला अधिक जाचतो. वरच्या टप्प्यात हे पावणेदोनशे रुपये झाले. तेवढीच युनिटे दुसरी कुठली तरी शोधून दुपारी हलवली असती, तर 14 रुपये वाचले असते. वीज यंत्रणेच्या दृष्टीनेही पहिला मार्ग सरस आहे, कारण त्यात शिखर खाली येते आणि दुसरीकडे कुठे भर पडत नाही. वेळाधारित दराच्या चर्चेत उपकरणांच्या कार्यक्षमतेला इतके दुय्यम स्थान मिळावे, हे खेदजनक आहे. छताच्या पंख्यांना तारांकित लेबल 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचे झाले असूनही बाजारात ग्राहक आजही पंख्याची किंमत विचारतो, वॉट विचारत नाही.

अभियंता : पंख्याचा मुद्दा निर्विवाद आहे, पण तो वेळेच्या दराविरुद्धचा मुद्दा नाही, दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. धुणे, इस्त्री, दळण, गिझर, पाण्याची मोटर, दुचाकीचे चार्जिंग, ही सगळी कामे वेळेला बांधलेली नाहीत.

कार्यकर्ती : गिझर बांधलेला नाही? 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.6 युनिट लागते. आपल्याकडे आंघोळ सकाळी सहा ते आठमध्ये होते. सवलतीसाठी ते पाणी आदल्या दुपारी साडेचारला तापवून ठेवले, तर 48 पैसे वाचतील. पण रात्रभरात टाकीतून उष्णता झिरपून पाव युनिट जरी वाया गेले, तरी दीड-दोन रुपयांचे नुकसान झाले. फ्रान्समधील टाक्या मोठ्या आणि जाड आवरणाच्या असतात, आपले गिझर भिंतीवर टांगलेले लहान. राहिले धुणे. तो तास हलवायचा म्हणजे तो कोणी हलवायचा? घरात दुपारी असते ती बाई, किंवा धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी, ज्यांच्या दिवसाचे पाच घरांत तुकडे झालेले असतात. मशीन दुपारी दोनला लावले की कपडे वाळत घालायला, पाऊस आला तर आत घ्यायला कोणीतरी हवे. एका धुण्यामागे वाचणाऱ्या चाळीस-ऐंशी पैशांसाठी तिच्या दुपारचा तास मागितला जातो, आणि त्या तासाची किंमत कोणत्याही दर आदेशात लिहिलेली नसते.

अभियंता : तिला कोणी सक्ती केलेली नाही. सवलत नको असेल तर जसे चालले आहे तसे चालू द्यावे; अधिभार नसल्यामुळे तिचे बिल पूर्वीपेक्षा वाढत नाही.

कार्यकर्ती : आज वाढत नाही. पण वीज कंपनीला मिळावयाचा एकूण महसूल आयोग आधी ठरवतो आणि मग तो वेगवेगळ्या दरांत वाटून देतो. दुपारी सोडलेले 80 पैसे कंपनीने स्वतःच्या खिशातून दिलेले नाहीत. दुपारी वीज घेतल्याने खरेदीखर्च जितका कमी होईल तितके त्यातून भरून निघतील, उरलेले कोणाच्या तरी नेहमीच्या दरात मिसळतील. दुपारी घरी नसणारा तो ‘कोणी तरी’ असण्याची शक्यता अधिक.

हा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण ‘नुसती सवलत, दंड नाही’ हे वर्णन ऐकताच दराविरुद्धचा आक्षेप मिटला असे वाटू लागते. महसूल ठरलेला असताना कोणतीही सवलत ही त्याच वेळी दुसरीकडची वसुली असते, आणि ती किती, हे फक्त एकाच गोष्टीवर ठरते : सवलतीमुळे वापर खरोखर हलला की जो वापर दुपारी आधीच होत होता त्यालाच सूट मिळाली. पहिल्या प्रकारात महाग खरेदी टळते, यंत्रणेचा खर्च घटतो आणि सवलत स्वतःच्या पायावर उभी राहते; दुसऱ्या प्रकारात ती केवळ एका घराकडून दुसऱ्या घराकडे गेलेली रक्कम असते. आपल्याकडील घरांत दुपारचा वापर मुख्यतः फ्रिज, पंखा आणि घरून काम करणाऱ्यांचा एसी यांचा असल्यामुळे, निदान सुरुवातीच्या वर्षांत दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा मोठा राहील असे मानणे वाजवी आहे. इटलीने 2010 मध्ये घरांना वेळेनुसार दर सरसकट लावला, पण दिवस-रात्रीतील फरक लहान ठेवल्यामुळे लोकांच्या सवयी फारशा हलल्या नाहीत. तो अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो.

अभियंता : सवयी हळूहळू हलतात. उद्योगांचा इतिहास पाहावा. कित्येक वर्षे आपल्या राज्यात कारखान्याला रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सूट होती, सकाळी 9 ते दुपारी 12 मध्ये 80 पैसे अधिभार आणि संध्याकाळी 6 ते रात्री 10 मध्ये 1 रुपया 10 पैसे. त्या दरामुळे फाउंड्रींनी भट्ट्या रात्री चालवल्या, बर्फाच्या कारखान्यांनी रात्रपाळ्या लावल्या.

कार्यकर्ती : आणि आता तीच सकाळची 9 ते 12 ही वेळ सवलतीची झाली आहे. ज्या तासासाठी काल 80 पैसे जास्त घेतले जात, त्याच तासासाठी आज घराला 80 पैसे कमी केले जातात. कारखान्यांनी रात्रपाळीसाठी केलेल्या व्यवस्थेचे काय करायचे?

अभियंता : सौर वीज आली म्हणून तास बदलले. देशातील सौर क्षमता जानेवारी 2025 अखेरीस 100 गिगावॉटच्या पुढे गेली. दुपार ही टंचाईची वेळ होती, ती विपुलतेची झाली. फ्रान्सनेसुद्धा नोव्हेंबर 2025 पासून रात्रीच्या स्वस्त तासांचा काही भाग टप्प्याटप्प्याने दुपारी सरकवायला घेतला आहे. दर वास्तवाच्या मागे गेला नाही तर तो खोटे सांगू लागतो.

दराने वास्तवाला धरून राहावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु महाराष्ट्राने वेळेनुसार विजेची वाटणी दराच्या आधी एका वेगळ्या आणि कठोर मार्गाने अनुभवलेली आहे, आणि त्या अनुभवाशिवाय येथील लोकांचा संशय समजत नाही. 2005 नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाच्या वेळापत्रकाने गावांचा आणि लहान शहरांचा दिवस आखला. पिठाची गिरणी केव्हा चालेल, टाकीत पाणी केव्हा चढेल, मुलांनी अभ्यास केव्हा करावा, हे वीज जाण्याच्या वेळेवर ठरे. पुण्यात 2006 मध्ये उद्योगांची स्वतःची जनित्रे चालवून आणि ग्राहकांकडून जादा आकार घेऊन भारनियमन टाळले गेले, म्हणजे ज्या शहराची पैसे देण्याची ऐपत होती त्याने संध्याकाळ विकत घेतली. शेतकऱ्याला तेही शक्य नव्हते. शेतीच्या वाहिनीला वीज आळीपाळीने मिळे, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि रात्रीच्या पाळीत साप, विंचू, काही भागांत बिबट्या यांच्या भीतीने हातात बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यावे लागे. यंत्रणेच्या भाषेत ते ‘भार व्यवस्थापन’ होते. शिवारात ते शेतकऱ्याच्या झोपेवर आणि जिवावर उभे होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या 2023 मधील दुसऱ्या टप्प्याने शेतीचा भार दिवसा सौर विजेवर आणण्याचे जे काम हाती घेतले, त्याचे मोल म्हणूनच फार मोठे आहे : तेथे सूर्याच्या वेळेशी माणसाची वेळ जुळते, कोणाला रात्री उठवावे लागत नाही. आणि घरगुती दराने जे साधावयाचे आहे, त्याहून कितीतरी मोठा भार त्या एका बदलाने संध्याकाळ आणि रात्रीतून दुपारी येतो.

कार्यकर्ती : त्याच न्यायाने शहरात कोणता भार आधी हलवावा हे ठरवता येईल. गृहनिर्माण संस्थेची पाण्याची मोटर घ्यावी. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे 3.7 किलोवॉट, ती रोज तीन तास चालली तर महिन्याला सव्वातीनशेहून अधिक युनिटे. ती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला चालू केली जाते, कारण रखवालदाराची ती सवय आहे. टाकी पुरेशी मोठी असेल आणि पालिकेचे पाणी खालच्या टाकीत साठत असेल, तर तीच मोटर टायमर लावून सकाळी दहाला आणि दुपारी चारला चालवता येते. संस्थेच्या सामाईक वापरालाही घरगुतीच दर लागत असल्याने सवलत मिळते ती अडीचशे रुपयांच्या वर, आणि कोणाच्याही दुपारचा एक क्षण लागत नाही. टायमर एकदा बसला की बसला.

अभियंता : हेच तर दराचे काम आहे, ताई. संस्थेच्या सचिवाला ही गोष्ट सुचावी म्हणून बिलात फरक दिसायला हवा.

कार्यकर्ती : बिलात फरक दिसतो का, तेवढेच सांगावे, साहेब. सवलतीची एकच ओळ असते. आपली किती युनिटे दुपारी पडली, मागच्या महिन्यात किती होती, यावरून काही शिकता येईल असे कागदावर कितीसे असते? स्मार्ट मीटर रोज दूरस्थ पद्धतीने वाचला जातो आणि ती माहिती ग्राहकाला उपलब्ध करून द्यावी असे केंद्राचे नियमच म्हणतात. पण ती ॲपमध्ये असते, आणि ज्यांच्या घरी एकच स्मार्टफोन मुलाच्या खिशात असतो त्यांच्यासाठी ती नसल्यातच जमा.

माहितीचा प्रश्न दुहेरी आहे. पंधरा किंवा तीस मिनिटांच्या टप्प्यांत नोंदवलेला वापर घरमालकाला उपयोगी पडतो, तसाच तो इतरांनाही घरातील बरेच काही सांगतो : घर केव्हा रिकामे असते, माणसे केव्हा उठतात, कोणी आजारी असून रात्री दिवा जळतो का. ही नोंद वीज कंपनीकडे आणि मीटर बसवणाऱ्या कंत्राटदाराकडे किती काळ राहते, कोणाला दाखवली जाते, हे ग्राहकाला विचारता आले पाहिजे आणि उत्तर लेखी मिळाले पाहिजे. महाराष्ट्रात स्मार्ट मीटरविरुद्ध जो रोष उसळला आणि ज्यामुळे सामान्य ग्राहकांना ते प्रीपेड स्वरूपात बसवणार नाही असे शासनाला जून 2024 मध्ये जाहीर करावे लागले, त्याचे मूळ जसे आगाऊ पैसे भरण्याच्या भीतीत होते, तसेच मीटरबद्दल कोणी नीट समजावून सांगितले नाही यातही होते. दराचा हेतू कितीही चांगला असला, तरी ज्या उपकरणातून तो घरात येतो त्यावर विश्वास नसेल तर तो दर कागदावरच राहतो.

अभियंता : मग पर्याय कोणता? सर्वांना एकच दर ठेवायचा आणि संध्याकाळच्या टंचाईचा खर्च मुकाट्याने वाटून घ्यायचा?

कार्यकर्ती : निवडीचा हक्क द्यायचा. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने घरांवर वेळाधारित दर आधी सरसकट लादला होता. नोव्हेंबर 2020 पासून मात्र तेथे ग्राहकाला टप्प्यांचा दर निवडण्याची मुभा मिळाली, आणि मे 2023 पासून रात्री गाडी चार्ज करणाऱ्यांसाठी तिसरा, रात्री अतिस्वस्त असणारा पर्यायही आला. कॅलिफोर्नियात घरांना संध्याकाळी 4 ते 9 या महाग वेळेच्या दरावर नेले, तेव्हा पहिल्या वर्षी बिलाचे संरक्षण दिले : वर्षअखेर जुन्या दराने जितके बिल झाले असते त्याहून नवे जास्त झाले, तर फरक परत. आपल्याकडे उद्या संध्याकाळचा अधिभार आणायचा असेल, तर त्याआधी या दोन्ही गोष्टी हव्यात.

अभियंता : पहिल्या वर्षाचे संरक्षण मान्य, त्याने कोणाचे नुकसान नाही आणि लोक निर्धास्तपणे करून पाहतील. निवडीबद्दल शंका आहे. ज्याचा वापर आधीच दुपारी आहे तो वेळेचा दर निवडेल, ज्याचा संध्याकाळी आहे तो टप्प्यांचा, आणि कोणीही काहीही न हलवता कंपनीचा महसूल तेवढा घटेल.

कार्यकर्ती : तो घटेल, आणि मग सर्वसाधारण दर वाढेल, हे खरे.

निवडीच्या या अडचणीवर दोघांपैकी कोणाकडेही समाधानकारक उत्तर नाही, आणि ते नसणे स्वाभाविक आहे, कारण निवड जितकी मुक्त तितका दराचा परिणाम क्षीण, आणि परिणाम जितका प्रबळ तितकी निवड संकुचित, हा ताण कोणत्याही दररचनेला पूर्णपणे टाळता येत नाही. तरीही संवादातून एक क्रम स्पष्टपणे पुढे येतो आणि त्याची बाजू येथे निःसंकोचपणे घेतली पाहिजे. जे भार यंत्राने, टायमरने किंवा संस्थेच्या एका ठरावाने हलतात, जसे पाण्याच्या मोटरी, चार्जिंग केंद्रे, शीतगृहे, कार्यालयांचे वातानुकूलन, ते आधी हलवावेत आणि त्यांच्यासाठी दरातील फरक आजच्यापेक्षा मोठा असावा. जे भार माणसाच्या, विशेषतः घरातल्या बाईच्या, वेळेवर चालतात, त्यांच्यावर दंडाचा दर लावू नये. आणि संध्याकाळी ज्या घरात दोन पंखे, तीन दिवे आणि एक टीव्ही याखेरीज काही चालत नाही, त्या घराला शिखराचा कारक मानणे अन्यायाचे आहे, कारण ते शिखर त्या घराने उभे केलेलेच नाही.

अभियंता : शेवटच्या वाक्यातूनच एक तडजोड निघते. महिन्याला 500 युनिटांच्या वर वापर करणाऱ्या घरांना संध्याकाळचा अधिभार लावावा, खालच्यांना नुसती सवलत राहू द्यावी. चार-चार एसी असलेल्या घराने टायमर लावणे अवघड नाही.

कार्यकर्ती : 500 युनिटे कोणाची? एका खोलीत तीन भावांचे बिऱ्हाड, एकच मीटर, अशी घरे मुंबईत आणि भिवंडीत हजारोंनी आहेत. त्यांचा एकत्र वापर वरच्या टप्प्यात जातो आणि दरडोई पाहिला तर तो सर्वांत कमी असतो. टप्प्यांच्या दरातही हाच दोष आहे, तो वेळेच्या दरात पुन्हा आणायला नको. मंजूर भार पाहावा. चार एसींचे घर त्यातून ओळखता येते, तीन भावांचे घर त्यात अडकत नाही.

अभियंता : मंजूर भार लोक कमी दाखवतात, हे आपणही जाणता. पण स्मार्ट मीटर प्रत्यक्ष कमाल मागणी नोंदवतो. त्या नोंदीवर अधिभार ठरवला, तर ही पळवाट बंद होईल. मात्र मीटर बसल्यावर आढळलेल्या जादा भाराबद्दल मागील काळासाठी दंड करू नये असे नियमच सांगतात, तेव्हा सुरुवात नव्या नोंदीपासूनच करावी लागेल.

कार्यकर्ती : ती नोंद ग्राहकाच्या हातात, मराठीत, छापील बिलावर येईल तेव्हा या सूचनेवर बोलता येईल, त्याआधी नाही.